पहिली काडी

“ढवळायचं नाही. पळी लावलीस की गाजराचा चिखल झालाच म्हणून समज. भांड्याचे दोन्ही कान धरायचे आणि हलवायचं, पाळण्यातलं पोर झोपलंय अशा बेताने. ऐकतेयस ना, मिल्का?”

ब्रोन्याबाई पलंगावर बसून हे सांगायच्या आणि सांगताना हवेतलं भांडं दोन्ही हातांनी धरून हलवून दाखवायच्या. मी खाली स्टुलावर बसून घेवडा मोडत असे.

“ऐकतेय, बाई.”

“मग सांग. मध कधी घालायचा?”

“मांस मऊ झाल्यावर.”

“आधी घातला तर?”

“मांस निबर राहतं.”

“कसं निबर?” आणि मी काही बोलायच्या आत त्याच उत्तर देत, “आपल्या झेलिगसारखं!” मग खोकला येईपर्यंत हसत.

“असं बोलू नये, बाई,” मी म्हणे. “देवमाणूस आहेत ते.”

ते वाक्य मी किती वेळा आणि किती जणांजवळ म्हटलं होतं, ते आठवलं की आज इतक्या वर्षांनीही माझे कान तापतात.

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. अलिबाग सोडून इस्राएलमध्ये येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. दक्षिणेला वाळवंटाच्या कडेशी नवं गाव वसवलं होतं, तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. आमचे हे कापडाच्या गिरणीत लागले आणि मी समोरच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. समोरच्या म्हणजे मधे एक उघडं खडकाळ मैदान सोडून. आमच्या बाल्कनीतून वृद्धाश्रमाचं फाटक दिसे. माझ्याबरोबर चौलची सिप्पोरा थळकर होती. भांडी तिच्याकडे, शिजवणं माझ्याकडे. चाळीस म्हातारी माणसं जेवायला, जवळजवळ सगळी युरोपातून आलेली.

ब्रोन्याबाई पोलंडच्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. दोन वर्षांत त्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांचं हिब्रू मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे दोघींचं छान जमलं. दुपारी भाजी निवडायला मी त्यांच्या खोलीत जाऊन बसत असे.

माझे नेम साधे होते. सोमवारी आणि गुरुवारी दिवे लागेपर्यंत उपास. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, तेलाचा दिवा. आणि एक नेम सासूबाईंनी घालून दिलेला. निघताना त्यांनी माझ्या हातात काड्यापेटी ठेवली होती आणि म्हणाल्या होत्या, “जाशील तिथे दिवसाचा पहिला विस्तव तुझ्या हातचा असू दे. आधी शेमा म्हण, मग काडी ओढ.” शेमा म्हणजे देव एक आहे, ही आमची रोजची प्रार्थना. शनिवार सोडला तर अलिबागला माझी एक सकाळ कधी चुकली नाही.

वृद्धाश्रमात मात्र पहिल्याच दिवशी मी काडी ओढणार, तोच मागून आवाज आला, “थांबा. मी पेटवतो.”

ते झेलिगसाहेब. स्वयंपाकघरात सगळं धर्माच्या नियमाने चाललंय ना, यावर देखरेख ठेवायचं काम त्यांचं. उंच, वाकलेले, करड्या कोटातले. कधी आवाज चढला नाही. रोज पहाटे पावणेसहाला माझ्या आधी हजर. चारही शेगड्या स्वतः पेटवायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, “करा आता सुरुवात.”

मला इतकं भरून यायचं! आमच्याकडे कुठला पुरुष चुलीकडे फिरकला होता? इथे हा मोठा माणूस एका कामवालीच्या आधी उठून तिच्यासाठी विस्तव करून ठेवतो. नेमाचं वाईट वाटलं, पण म्हटलं, कोणाच्या सेवेच्या आड आपला नेम कशाला? मी घरूनच निघताना एक पणती लावू लागले आणि तेवढ्यावर मनाचं समाधान केलं. शुक्रवारी त्यांच्यासाठी करंज्या न्यायचे, वाटीभर पुरण जास्त भरून. ते मान लववून डबा घ्यायचे. रविवारी डबा धुऊन परत.

एकदा ह्यांना ताप आला तेव्हा झेलिगसाहेब विचारपूस करायला घरी आले. मी सरबत केलं. त्यांनी कोटाच्या खिशातून स्वतःचा पेला काढला, नळाचं पाणी घेतलं, प्याले. सिप्पोराने तेव्हाच भुवई उडवली होती. मी म्हटलं, “अगं, आपल्या गावचे जोशीबुवा नव्हते का तांब्या घेऊन हिंडत? नेमाचा माणूस आहे. मला नेमाच्या माणसाचं कौतुकच वाटतं.”

“जोशीबुवा ज्यू नव्हते, मिल्काबाई,” ती म्हणाली. “आणि आपण जोशी नव्हतो.”

मला तिचं बोलणं कळलं नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचं नव्हतं.

त्सिमेसची गोष्ट निघाली ती ऑगस्टात. नवं वर्ष महिन्यावर आलं होतं. आमच्याकडे नव्याचा सण म्हणत त्याला, आम्ही गव्हाच्या चिकाचा हलवा करायचो. मी ब्रोन्याबाईंना विचारलं, तुमच्याकडे काय गोड असायचं?

“त्सिमेस,” त्या म्हणाल्या. मग सांगू लागल्या. गाजराच्या गोल चकत्या, रताळी, सुकवलेले आलुबुखार, मांसाचा एक चांगला तुकडा, दालचिनी, शेवटी मध. मंद विस्तवावर चार तास. वर्ष गोड जावं म्हणून.

“शेवटचं कधी खाल्लंत?”

“अडतीस साली. एकोणचाळीस साली आईने चढवलं होतं. भांडं चुलीवर होतं आणि आम्ही घर सोडलं. आई दारातून मागे वळली. मला वाटलं, काही विसरली. तिने जाऊन फक्त विस्तव बारीक केला. करपू नये म्हणून.” त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. “चोवीस वर्षं झाली. अजून मला वाटतं, ते तिथे शिजतंय.”

मी घेवडा खाली ठेवला. “यंदाच्या सणाला मी करीन. तुमच्या आईचं जसं होतं तसंच.”

“शब्द?”

“शब्द.”

त्यानंतर महिनाभर त्यांची शिकवणी चालली. गाजर किती जाड, रताळं किती मोठं, आलुबुखार कधी भिजवायचं. वृद्धाश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंची परवानगी मी काढली. झेलिगसाहेबांनी स्वतः मांस निवडून आणलं.

सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे ज्या संध्याकाळी सण लागतो त्या दिवशी, मी पाचलाच गेले. चाळीस जणांचं त्सिमेस, शिवाय बाकी स्वयंपाक. सहा वाजले, झेलिगसाहेब नाहीत. साडेसहा झाले. नंतर कळलं की त्यांची बस वाटेत बंद पडली होती.

“कशाची वाट बघताय?” सिप्पोरा म्हणाली. “पेटवा की. विस्तव करायला परीक्षा द्यावी लागते का?”

“त्यांना वाईट वाटेल गं.”

“त्यांना वाईट वाटेल, आणि ती म्हातारी रात्री कच्चं गाजर चावेल. बघा बाई.”

मी पदर सावरला. आठ महिन्यांत त्या शेगडीसमोर पहिल्यांदाच काड्यापेटी हातात घेतली. शेमा म्हटलं, पुरतं, घाई न करता, आणि काडी ओढली. निळी ज्योत गोल फिरून उभी राहिली. मला वाटलं, आज सणाच्या दिवशी देवाने माझा नेम मला परत दिला. बाईमाणसाला किती थोडक्यात आनंद होतो!

नऊपर्यंत स्वयंपाकघर असं घमघमत होतं की चालता येणारे म्हातारे दारात येऊन उभे राहायला लागले. मी पळी लावली नाही. दर पंधरा मिनिटांनी फडक्याने भांड्याचे कान धरून हलवत होते. मांस मऊ झालं. मी मधाची बरणी उघडली आणि धार सोडली.

तेवढ्यात झेलिगसाहेब आले. धापा टाकत, कोटावर धूळ. भांड्याकडे पाहिलं. शेगडीकडे पाहिलं.

“विस्तव कोणी पेटवला?”

“मी,” मी हसून म्हणाले. “तुम्हाला उशीर झाला म्हणून.”

“तुम्ही एकट्यांनी? दुसरं कोणी नव्हतं? नर्स? ऑफिसमधलं कोणी?”

“सिप्पोरा होती.”

“ती नाही,” ते म्हणाले. “दुसरं कोणी?”

“दुसरं कोण लागतं काडी ओढायला?”

त्यांनी डोळे मिटले. खरंच दमले होते. मग लहान मुलाला समजवावं तसं हळू आवाजात सांगितलं. ज्यू नसलेल्या माणसाने सुरुवातीपासून शिजवलेलं अन्न धर्माला चालत नाही. विस्तव तरी ज्यूच्या हातचा असावा लागतो, मग चालतं. आणि तुम्ही लोक भारतातून आलात, शेकडो वर्षं कोणाच्या संपर्कात नव्हतात, तुमच्यात लग्नं कशी झाली याची मोठ्या धर्मगुरूंत अजून चर्चा चालू आहे. “मी तुम्हाला ज्यू नाही असं म्हणत नाही, बाई. फक्त शंका आहे. शंका असली की विस्तव मी पेटवायचा. म्हणून रोज येतो.”

म्हणून रोज येतो.

मी तिथेच मधाची बरणी धरून उभी होते. आठ महिन्यांच्या पहाटा माझ्यासमोरून एकेक करून गेल्या. थांबा, मी पेटवतो. करा आता सुरुवात. आणि मी घरोघर सांगत फिरले होते, देवमाणूस आहे.

“आणि तो पेला?” सिप्पोरा मागून म्हणाली. “आता कळलं का, मिल्काबाई? आणि तुमच्या करंज्या? त्या फाटकावरचा रखवालदार खातो. दर शुक्रवारी. मी डोळ्यांनी बघितलंय. तुमचं मन मोडेल म्हणून बोलले नाही.”

झेलिगसाहेब जमिनीकडे पाहू लागले. खोटं आहे असं म्हणाले नाहीत.

“हे वाढता येणार नाही,” त्यांनी एवढंच सांगितलं. “टाकून द्यावं लागेल. सिप्पोरा, भांडं घे.”

“मी नाही घेणार. माझ्या हाताचीसुद्धा शंका असेल ना तुम्हाला!”

मग त्यांनी स्वतःच दोन फडकी घेतली, भांड्याचे दोन्ही कान धरले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. पिंपात पडल्याचा आवाज आला. एवढं मोठं भांडं, पण आवाज किती मऊ आला. तीन तास शिजलेलं होतं ना.

मी आवाज चढवणारी बाई नाही. माहेरी मला मुकी म्हणत. पण ते आत आले तेव्हा मी दारात उभी होते.

“झेलिगसाहेब, आमच्या गावात ज्यू हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. माझ्या सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता. त्यांच्या वडिलांचाही तोच. शनिवारी घाणा बंद. शनिवारी चूल थंड. काय वाटेल ते होवो, घरात कोणी आजारी पडो, शनिवारी आमच्या घरी काडी ओढली जात नसे. कोणी शिकवायला नव्हतं, कोणी बघायला नव्हतं, देखरेखीला कोणी ठेवलेलं नव्हतं. ते बघून गावाने आम्हाला नाव दिलं, शनवार तेली. विस्तव न पेटवण्यावरून ज्यांना नाव मिळालं, त्यांच्या विस्तवाची तुम्हाला शंका?”

त्यांनी फडकी घडी करून कट्ट्यावर ठेवली. माणूस वाईट नव्हता, तेच तर जास्त झोंबतं.

“नियम मी केलेला नाही, बाई,” ते म्हणाले. “शंका ठेवणं हे माझं काम आहे. गाजरं उरलीत, मांसाचा एक तुकडा आहे, दुपारपर्यंत वेळ आहे. मी शेगडी पेटवतो. तुम्ही पुन्हा करा. म्हातारीला दिलेला शब्द राहील तुमचा.”

आणि त्यांनी काडी ओढली. शेगडी भडकली. ते बाजूला झाले आणि सवयीने म्हणाले, “करा आता सुरुवात.”

मी त्या ज्योतीकडे पाहिलं. शब्द राखायचा तर सुरी उचलायची, एवढंच करायचं होतं. कालपर्यंत मी उचललीच असती. मी एप्रन काढला, घडी केली आणि कट्ट्यावर ठेवला.

“सणानंतर येईन. पण काडी माझ्या हातात असेल. नाहीतर येणार नाही.”

ब्रोन्याबाईंना सगळं आधीच कळलं होतं. अशा ठिकाणी बातमी पायांवाचून चालते. त्या पलंगावर बसल्या होत्या, सणासाठी इस्त्री केलेला पांढरा रुमाल मांडीवर.

“मिल्का, टाकलं?”

“टाकलं, बाई.”

“हे दुसऱ्यांदा,” त्या म्हणाल्या.

तेवढं ऐकल्यावर मात्र मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग एकदम माझं मनगट धरलं. त्यांचे डोळे चमकत होते.

“हे बघ, माझे वडील पोरांना धर्मग्रंथ शिकवायचे. मला पाठ आहे सगळं. जे कच्चं खाता येतं, त्याला हा विस्तवाचा नियम लागतच नाही! गाजर कच्चं खातात. आलुबुखार कच्चं खातात. मांस काढ, रताळं काढ, नुसत्या गाजराचं कर. तू पेटव, तूच शिजव. झेलिगला तोंड उघडता येणार नाही!” त्या टाळी वाजवून हसल्या. “त्याच्याच पुस्तकाने त्याला पकडते की नाही बघ!”

क्षणभर मलाही हसू आलं. मग काहीतरी आत उलटं फिरलं.

“नको, बाई.”

“का नको?”

“मग ते माझ्या हातचं म्हणून चालणार नाही, गाजराचं म्हणून चालेल. मी गाजराच्या आडून का आत येऊ? चोरासारखं?”

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिल्यांदाच त्या खोलीत आले होते.

“मग काय करणार?”

“मांस घालणार. रताळं घालणार. कच्चं खाता येत नाही ते सगळं घालणार. माझ्या घरी, माझ्या विस्तवावर. पण इथे बाहेरचं अन्न आणू देणार नाहीत.” मी पदराने डोळे पुसले. “दिलेला शब्द कसा पुरा करू, तेच कळत नाही.”

“तू तुझा पुरा कर,” त्या म्हणाल्या. “खाणं माझ्याकडे लागलं. मी येईन.”

“बाई, तुमचे गुडघे! मधे सगळा खडक आहे, रस्ता धड नाही. तुम्ही दोन वर्षांत…”

“पोलंड सोडताना मी गुडघ्यांना विचारलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत येईन. तुझ्या ताटात जेवीन. शब्द.”

मी बाजारातून सामान घेऊन घरी आले. सासूबाईंनी दिलेल्या काड्यापेटीत तीनच काड्या उरल्या होत्या, मी ती जपून ठेवली होती. त्यातली एक ओढली. गाजराच्या चकत्या जाड कापल्या. रताळी मोठी ठेवली. मध शेवटी घातला. आमचे हे गिरणीतून आले, दारातच थबकले, म्हणाले, “काय गं हे, कसला वास?” मी म्हटलं, “पाहुण्या येणार आहेत. चांगला शर्ट घाला.” एकदाही पळी लावली नाही.

साडेचार झाले. पाच झाले. उन्हं मैदानावर लांब पडली. मी चौथ्यांदा बाल्कनीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, नाहीच जमणार. सत्तर वर्षांची बाई. बोलून गेली, माझं मन राखायला.

तेवढ्यात फाटक उघडलं.

ब्रोन्याबाई होत्या. सणाचा गडद कोट, डोक्याला तो पांढरा रुमाल. मागोमाग झेलिगसाहेब आले. लांबून शब्द ऐकू येत नव्हते, नुसते त्यांचे हात दिसत होते. ते काही सांगत होते, मैदानाकडे बोट करत होते, आमच्या इमारतीकडे बोट करत होते. ब्रोन्याबाई काठीवर भार देऊन ऐकत उभ्या राहिल्या. मग झेलिगसाहेब लगबगीने आत गेले आणि काहीतरी घेऊन बाहेर आले. उन्हात ते चकाकलं. वृद्धाश्रमातली पत्र्याची ताटली होती ती, आणि वर चमचा. त्यांनी दोन्ही हातांनी ती पुढे केली.

ब्रोन्याबाईंनी ताटलीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्या वळल्या, आणि फाटकासमोरची एक पायरी उतरायला त्यांना खूप वेळ लागला. झेलिगसाहेब ताटली धरून तिथेच उभे होते.

मग त्या मैदानात चालू लागल्या. काठी उजव्या हातात होती. डावा हात रिकामा होता.